सरपंचबाईंच्या मिस्टरांना चार शब्द

आधी अभिनंदन. वहिनी निवडून आल्या आणि गुलाल तुमच्या अंगावर पडला, हे रीतीला धरूनच झालं. जेसीबीच्या बकेटात उभं राहून गुलाल उधळणाऱ्या पोरांना वहिनींचा चेहरा नीटसा ठाऊक नव्हता. त्यांनी यंत्रावर कपबशी पाहिली होती आणि प्रचारात तुम्हाला. मिरवणूक वेशीत आली तेव्हा वहिनी घरी चाळीस माणसांच्या चहाचं आधण ठेवत होत्या. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली म्हणायची. ती पुढची पाच वर्षं टिकवायची कशी, एवढंच सांगायला बसलोय.

सांगणारा मी कोण? मी माजी. आमच्या मंडळी सरपंच होत्या त्या पाच वर्षांत सारा गाव मला सरपंच म्हणायचा. आता 'काय माजी, इकडं कुठं?' असं विचारतात. तिला मात्र कुणी माजी म्हणत नाही, कारण तिला आजी असताना कुणी काही म्हटलंच नव्हतं.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. आपलं पद कायद्यात नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. मी तो वकिलाकडून पुढून मागून वाचून घेतला. त्यात सरपंच आहे, उपसरपंच आहे, सदस्य आहेत, सचिव म्हणजे आपला ग्रामसेवक आहे, कोंडवाड्यातली जनावरंसुद्धा आहेत. सरपंचाचा नवरा कुठंच नाही. १९९३ साली घटनादुरुस्तीनं बायकांना तिसरा हिस्सा मिळाला, २०११ साली महाराष्ट्रानं तो निम्मा केला, पण निम्म्या सरपंचांच्या नवऱ्यांनी करायचं काय याचा विचार कुणी केला नाही. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती. हिशेब करा, संघटना काढली तर आपली केवढी होईल. उत्तर प्रदेशात आपल्या भावंडांना प्रधानपती म्हणतात, बिहारात मुखियापती. २०१५ साली पंचायत राज दिनाला खुद्द पंतप्रधानांनी आपला किस्सा सांगितला होता. कुणीतरी स्वतःची ओळख 'एसपी' अशी करून दिली, म्हणजे सरपंच पती. पुढं ते ही पद्धत बंद करा असंही म्हणाले, पण किस्सा चांगला होता.

तुमचं दुःख मला माहीत आहे. पंधरा वर्षं तुम्ही गावाची मर्तिकं केलीत, साखरपुड्यांना नारळ फोडलेत, भांडणं मिटवलीत, काही लावलीत. यंदा आपलीच खुर्ची म्हणून बँकेत पैसेही काढून ठेवले. आणि तहसीलदारांच्या समोर शाळेतल्या एका पोरीनं बरणीत हात घालून आरक्षणाची चिठ्ठी काढली: सर्वसाधारण स्त्री. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी पॅनलची बैठक बसली. आई थकलेल्या. भावजय चालली असती, पण भावाचा भरवसा नव्हता. राहिली बायको. तिला विचारलं का, असा प्रश्न पुढं शहरातली पत्रकार मंडळी विचारतील. विचारलं होतं की. 'फोटो हाय का तुझा पासपोर्ट साइजचा?' असं विचारलं होतं.

यंत्रावरच्या नावाबद्दल मनात किंतू ठेवू नका. पहिलं नाव तिचं, मधलं तुमचं, आडनाव तुमचं. तीन शब्दांत दोन तुमचे, हे दोन तृतीयांश बहुमत झालं. त्यात बाई सरपंचावर अविश्वास ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि थेट जनतेतून निवडून आलेली असेल तर पहिली दोन वर्षं ठराव आणताच येत नाही. कायदेमंडळानं हे संरक्षण बायकांसाठी घातलं. आपण त्या छत्रीखाली उभे राहतो इतकंच.

आता कामाला लागू.

पदभार तिला घेऊ द्या. हे सांगावं लागतं, कारण उतावळे सगळीकडं असतात. २०२५ च्या मार्चमध्ये छत्तीसगडात, कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात, निवडून आलेल्या सहा बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी हार घालून शपथच घेऊन टाकली. व्हिडिओ देशभर फिरला आणि पंचायतीचा सचिव निलंबित झाला. नवशिकेपणा, दुसरं काय. एक दिवस बायकोला पुढं करायचं, रजिस्टरवर सही करून घ्यायची, फोटो काढायचा, आणि मग निवांत पाच वर्षं. एका दिवसासाठी कशाला घाई करायची?

कार्यालयाच्या भिंतीवर बोर्ड असतो. सरपंचाचं नाव, पुढं मोबाइल नंबर. नाव तिचं राहू द्या, नंबर तुमचा द्या. सहा महिन्यांत ट्रूकॉलरवर तुमच्या नंबरापुढं 'सरपंच' आपोआप यायला लागेल. हा जनतेचा कौल असतो, त्यात तुमचा काही हात नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तालुक्याच्या सरपंचांत तुम्ही जा. बीडीओ साहेबांनी 'सर्व सरपंच भगिनींना महिला दिनाच्या शुभेच्छा' टाकल्या की हात जोडल्याचं चित्र टाकून धन्यवाद म्हणा. मी पाचही वर्षं म्हटलं.

फ्लेक्सबाबत दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, दोघांचे फोटो सारखे असावेत. मी जुन्या मताचा आहे. तिचा फोटो निवडणुकीच्या फॉर्मवरचाच घ्यायचा, घाबरलेला, डोक्यावर पदर असलेला. आपला मात्र गॉगल लावून, फोनवर बोलतानाचा. फोनवर आपण कुणाशी बोलतोय हे कुणाला कळत नाही, पण काम चाललंय असं दिसतं.

झेंड्याचा प्रश्न नाजूक आहे. १५ ऑगस्टला पंचायतीसमोरचा झेंडा सरपंचानं फडकवायचा. गाव जमलेलं असतं, मास्तरांनी पोरं रांगेत उभी केलेली असतात. तुम्ही दोरी बांधून ठेवा, गाठ जरा घट्ट मारा. वहिनींनी ओढली की सुटणार नाही, मग तुम्ही मदतीला पुढं व्हा. फोटोत दोरीवर दोन हात येतात. आमच्याकडं तिसऱ्या वर्षी तिनं गाठ आदल्या रात्रीच जाऊन सैल करून ठेवली होती, पण तो विषय पुढचा.

मासिक सभा आणि ग्रामसभा यांतला फरक माहीत हवा. मासिक सभा सदस्यांची असते. तिथं आपल्याला बसायचा अधिकार नाही, आणि नातेवाइकांनी कारभारात लुडबुड करू नये अशी शासनाची परिपत्रकंही आहेत. म्हणून आत बसायचं नाही. दारात खुर्ची टाकून बसायचं. खुर्चीचे पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत असले तरी चालतात, ते परिपत्रकात नाही. ग्रामसभेला मात्र तुम्ही मतदार म्हणून हक्कानं जाऊ शकता. अध्यक्षस्थानी वहिनी, मागच्या खुर्चीवर तुम्ही. कुणी प्रश्न विचारला की त्या मान वळवून मागं बघतील. सुरुवातीला. ही मान किती वेळा वळते, ते मोजत चला. आमच्याकडं पहिल्या सभेत चौदा वेळा वळली होती. आकडा उतरायला लागला की सावध व्हा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ही कायद्यातली सगळ्यात गैरसोयीची तरतूद, कारण तिथं दारातसुद्धा बसता येत नाही. सोपा उपाय म्हणजे सभा घ्यायचीच नाही. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकाला, घरी बोलवायचं, प्रोसिडिंगचं बुक पुढं करायचं आणि शेजारपाजारच्या बायकांच्या सह्या गोळा करायच्या. खरोखर बायका जमल्या तर काय होतं, ते मी पाहिलंय. आपण आराखड्यात हायमास्ट, सभामंडप, कमान अशी भव्य कामं धरतो. त्या विचारतात, नळाला पाणी किती वाजता येणार? शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी का नाही? एकदा तर आडवी बाटली करायची, म्हणजे मतदान घेऊन दारूचं दुकान बंद पाडायचं, इथवर गोष्ट गेली. दुकान आपल्याच पॅनलच्या माणसाचं! विकास म्हणजे काय याची कल्पनाच नसते बायकांना.

इतिहासातली उदाहरणं द्यायची सवय असणारे भेटतील. ते सांगतील, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरात शेतकरी संघटनेच्या बायकांनी १९८९ सालीच सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आणली होती, तेव्हा तर तिसऱ्या हिश्शाचं आरक्षणही नव्हतं. शिवाय त्या चळवळीनं लक्ष्मीमुक्ती काढली आणि पुरुषांनी आपणहून जमिनी बायकांच्या नावावर करून दिल्या. असं कुणी बोलायला लागलं की चहा मागवा. जमिनीचा विषय घरापर्यंत जाता कामा नये.

शिक्का. गोल शिक्का तुमच्या शर्टाच्या खिशात हवा. माझे सगळे पांढरे शर्ट डाव्या खिशापाशी जांभळे झालेत, ते मी जपून ठेवलेत. लग्नात, बाजारात, एसटी स्टँडवर कुणी दाखला मागितला तर उभ्या उभ्या देता यायला हवा. सेवा म्हणतात ती हीच. लेटरपॅडवर वहिनींच्या पंचवीसेक कोऱ्या सह्या घेऊन ठेवा. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. भांडी घासून आल्यात, हात कोरडे करून बसल्यात, तेवढ्यात होऊन जातात.

पूर्वी एवढ्यावर भागायचं. चेकवर दोन सह्या, सरपंच आणि ग्रामसेवक, संपला विषय. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाइन निघतो. ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर ग्रामसेवकानं, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, बिल चढवायचं आणि सरपंचानं मंजूर करायचं, तेही डिजिटल सहीनं. ती सही एका डोंगलमध्ये असते, पेनड्राइव्हएवढ्या. सरकारला वाटलं, आता बाईला स्वतः संगणकासमोर बसावंच लागेल. केवढा भाबडेपणा! कोरी सही घ्यायची तर निदान तिला हाक मारावी लागायची, डोंगलला तीही लागत नाही. डोंगल माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात होता, बुलेटच्या किल्लीशेजारी, आणि पिन होता आमच्या लग्नाची तारीख. मी बायकोला विसरलो असं कुणी म्हणू नये.

मानधनाला हात लावू नका. २०२४ साली ते दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला महिना सहा हजार, त्याहून मोठ्याला आठ, आठ हजारांवर लोकसंख्या असेल तर दहा. ते तिच्या खात्यावर येतं. येऊ द्या. तिनं त्यातून घरात मिक्सर घेतला तर सगळ्यांना सांगा की माझी बायको स्वतःच्या पायावर उभी आहे.

प्रशिक्षणाला पाठवायचं की नाही? पाठवा, पण बरोबर जा. यशदाच्या, म्हणजे सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या, नावाचं पत्र आलं की मंडळी आत वर्गात, आपण बाहेर पार्किंगात. तिथं तालुक्यातले सगळे मिस्टर भेटतात. कुठल्या साहेबाला काय आवडतं, कुठल्या योजनेचं पत्र निघालंय, हे खरं प्रशिक्षण पार्किंगातच होतं. अभ्यास दौऱ्याला मात्र तुम्हीच जा. मी हिवरेबाजार पाहिलं, पाटोदा पाहिलं, हिवरेबाजारला तर दोनदा गेलो. फार प्रभावित झालो. येताना शिर्डी केली.

पण वर्गात एक घोटाळा होतो. वर्ग संपताना त्यांना पुस्तिका देतात. मराठीत असते, मोठ्या टायपात, चित्रं असतात. ती पिशवीतून घरी येते, फ्रिजवर पडते. तुम्हाला वाटतं रद्दी आहे. दुपारी घरात कुणी नसतं, हे आपण धरत नाही.

आता अपात्रतेचं बघा. इथं मी थोडा गंभीर होतो, कारण इथं कायदा आपल्याला ओळखतो. पदात नवरा नाही म्हणालो ना? पापात आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, मूल दोघांचं, अपात्र ती. घरात संडास नाही, बांधायचा कंटाळा तुम्ही केलात, अपात्र ती. पंचायतीच्या कामात तुमची आडून भागीदारी निघाली, अपात्र ती. सरकारी जागेवर घरच्यांनी अतिक्रमण करून ठेवलं असेल, तरी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिला हात झटकता येत नाहीत. गायरानातला गोठा तुमच्या आज्ज्यानं बांधला असला तरी. अशी एकही चूक नाही जी तुम्ही केलीत आणि तुमचं काही गेलं. याला मी सुरक्षित राजकारण म्हणतो. निवडणूक लढवणाऱ्याला असं विमाकवच मिळत नाही.

२०२३ साली आपल्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिकासुद्धा झाली. न्यायालयानं ते सरकारकडं सोपवलं, सरकारनं समिती नेमली, समितीनं २०२५ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. बायकोच्या नावावर कारभार करणाऱ्यांना जरब बसेल असा दंड करा, असं त्यात आहे म्हणे. मी घाबरलो नाही. असा अहवाल गावात पोचायचा तर तो आधी सरपंचाकडं येणार, आणि सरपंचाचा नंबर आपला आहे.

आता तो पुढचा विषय.

चौथ्या वर्षी आमच्याकडं पेव्हर ब्लॉकचं काम निघालं. मारुतीच्या देवळापासून गिरणीपर्यंत. ठेकेदार आमच्या आत्याचा मुलगा, म्हणजे बाहेरचा नाही. शाखा अभियंत्यानं एमबी, म्हणजे मोजमापाची वही, लिहिली, भाऊसाहेबांनी बिल चढवलं. नेमका त्या आठवड्यात माझ्या किल्ल्यांचा जुडगा सापडेना. शोधता शोधता स्वयंपाकघरात गेलो तर डोंगल मिसळणाच्या डब्याशेजारी. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "गिरणीपर्यंत म्हणता. म्या रोज दळण घेऊन जाते. ब्लॉक तर पारापाशीच संपत्यात."

असा प्रश्न आला तर काय करायचं? ओरडायचं नाही. दुखावल्यासारखं करायचं. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं विचारायचं, त्या रात्री जेवायचं नाही, आईला मध्ये घालायचं. मी तिन्ही केलं. दोन दिवसांनी तिनं डोंगल दिला. पिन आम्हा दोघांना पाठच होता. बिल निघालं. ती एवढंच म्हणाली, "सही माझी हाय, ध्यानात ठेवा." मला वाटलं, पोर्टलचंच काहीतरी बोलतेय.

विरोधी पॅनलच्या माणसानं फूटपट्टी घेऊन रस्ता मोजला. अर्ज, चौकशी, अहवाल, आणि कलम ३९ खाली पदावरून काढायची नोटीस. नोटिशीवर तीन नावांपैकी पहिलं नावच ठळक छापलेलं होतं. मधलं आणि आडनाव असून नसल्यासारखं.

सुनावणी विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात. आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो, कारण स्कॉर्पिओवर 'सरपंच' लिहिलेलं होतं आणि वकील म्हणाले ती आज नको. रस्ताभर तिनं पुस्तिका वाचली, फ्रिजवरची. पानांना हळदीचे डाग होते आणि कुठं कुठं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. मी विचारलं, काय सांगणार आत? ती म्हणाली, "जे हाय ते."

तुमच्यावर ही वेळ येईलच असं नाही, आली तर हे ध्यानात ठेवा. आत जाताना त्या पर्स तुमच्याकडं देतील. दोन्ही हातांनी धरा, त्यात पाण्याची बाटली असते, सांडते. शिक्का त्या आधीच मागून घेतील, द्या. मग दाराबाहेरच्या लांब बाकावर जाऊन बसा. तिथं वेगवेगळ्या तालुक्यांतले चार-पाच मिस्टर आधीच बसलेले असतील, सगळ्यांच्या मांडीवर पर्स. आपसांत फार बोलू नका. थोड्या वेळानं दार उघडेल, शिपाई बाहेर डोकावेल आणि हातातल्या कागदाकडं बघत विचारेल, "सरपंच कोण आहे?"

सवयीनं सगळा बाक उठून उभा राहील.

तुम्ही तेवढे बसून राहा.